रुपयात बारा आणे

संध्याकाळचे सहा वाजले की भाची येते. काखेत झेरॉक्सचा नवा गठ्ठा असतो. चप्पल अजून पायातच असते, तोवर विचारून होतं, "मावशी, चहा ठेवलीस काय?" मग स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पाय पसरून ती प्रश्न वाचायला लागते आणि मी शेंगा सोलत ऐकते. आमचं घर बेळगावच्या वडगावात. शेजारी मागाची खटखट चालू असते, त्यामुळं तिला मोठ्यानं वाचावं लागतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांना आता डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं औषध माहीत झालंय.

ती नॉरसेटला बसणार आहे. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरांची ही एकत्र परीक्षा, २०२० पासून सुरू झालेली. आमच्या वेळी 'स्टाफ नर्स' म्हणायचे, आता 'ऑफिसर' म्हणतात. काम तेच, नाव मोठं. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात. म्हणजे तीन चुकली की बरोबर आलेल्या एकाचे गुणही हातचे जातात. तिची मैत्रीण त्याहून पुढची, ती अमेरिकेच्या एनक्लेक्सची, म्हणजे तिथल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेची तयारी करते. तिथं कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतो. कुणाला ८५ प्रश्नांत सोडतो, कुणाला १५० पर्यंत ओढत नेतो. दोघी आपापले गठ्ठे अदलाबदल करतात, म्हणून आमच्या चुलीपाशी कधी दिल्लीचा पेशंट येतो, कधी अमेरिकेचा.

मी ३१ वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झाले. या गठ्ठ्यांवर नाक मुरडायचं ठरवूनच मी पहिल्या दिवशी बसले होते, खरं सांगते. पण प्रश्न वाईट नाहीत. विशेषतः तो एक प्रकार, 'सर्वात आधी काय कराल?' चारही उत्तरं बरोबर असतात, फक्त पहिलं कुठलं ते ओळखायचं. क्लासवाल्यांनी त्याची किल्ली दिलेली आहे: आधी बघा, मग करा. चार ऑप्शनमध्ये एक 'तपासा', 'विचारा', 'मोजा' असा असेल तर डोळे मिटून तो.

डोळे मिटून 'बघा' निवडायचं, याला काय म्हणावं?

आणि तिथंच भाची आपटली. प्रश्न होता, रक्त चढवायला लागून दहा मिनिटं झाली, पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखते म्हणतो. आधी काय? हिनं टिकमार्क केला, 'ताप आणि बीपी बघा.' मी म्हटलं, "अगं, बघून झालंय की! प्रश्नातच कुणीतरी बघून ठेवलंय. आता तू थर्मामीटर शोधत बसलीस तर तेवढा वेळ रक्त आत जायलंय." आधी रक्त बंद. मग नवीन सेट लावून नॉर्मल सलाइननं शीर चालू ठेवायची, डॉक्टरला कळवायचं, बीपी वगैरे त्यासोबत. बघायचं कधी आणि बघून झालं म्हणायचं कधी, हे काही किल्लीत बसत नाही.

औषध देण्याचे आम्हाला पाच 'राइट' पाठ करायला लावायचे. पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. आता पुस्तकागणिक वाढत चाललेत, भाचीच्या गठ्ठ्यात दहा आहेत. मला विचाराल तर पहिल्यातच सगळा संसार आहे.

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातल्या कुठल्याही वॉर्डात जाऊन 'पाटील' अशी हाक मारा, निम्म्या खाटा उठून बसतील. मी शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. पुरुषांचा वॉर्ड, पावसाळा, छत गळतंय. सात नंबरवर एक पाटील, नऊ नंबरवर दुसरे पाटील. रात्री सात नंबरवर पाणी ठिबकायला लागलं म्हणून वॉर्डमामानं दोघांच्या जागा बदलल्या आणि कुणाला सांगितलं नाही. पहाटे मी ट्रे घेऊन गेले. "तुम्ही पाटील आजोबा ना?" "होय गे पोरी." मी गोळी हातावर ठेवली. म्हाताऱ्यानं ती दिव्याकडं धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "काल तर पांढरी होती, आज तांबडी कशी झाली?"

त्याच्या त्या तांबड्या गोळीनं मी वाचले. तो नाही, मी. मागून आलेल्या सीनियर सिस्टरनं त्याच्या तळहातावरून गोळी उचलली, मला काहीही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला अजून ऐकू येतं. आता भाचीच्या कागदावर हाच प्रश्न नीट छापून येतो: ओळख पटवायला दोन खुणा हव्यात, नाव आणि नोंदणी क्रमांक, खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. आणि 'तुम्ही पाटील ना?' असं कधीच विचारायचं नाही. त्याला पेशंट हो म्हणतो. कानानं कमी ऐकणारा तर आधी हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारायचं.

आता हे छापणाऱ्यानं आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका बघितलेल्या नसणार. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं. ते कसं घ्यायचं? पदर तोंडाला जातो, शेजारच्या खाटेवरच्या बाईला कोपरानं ढोसून सांगतात, "तू सांग की गे." एकदा रात्री दोन वाजता एका सत्तरीच्या बाईनं मला रीतसर उखाणा घेऊन नाव सांगितलं, अर्धा वॉर्ड जागा झाला. मी हसले नाही, इंजेक्शन दिलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन पोट धरून हसले.

डिगॉक्सिनचा प्रश्न प्रत्येक गठ्ठ्यात असतोच. हृदय कमजोर झालेल्याला द्यायचं औषध, पुरेसा डोस आणि विषारी डोस यांच्यात दोन बोटांचं अंतर. देण्याआधी छातीवर स्टेथो ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, कारण अशा पेशंटचे ठोके लयीत नसतात. एका पंधरा सेकंदांत वीस भरतात, पुढच्यात अकरा. मोठ्या माणसात साठच्या खाली आले तर औषध थांबवायचं आणि डॉक्टरला कळवायचं. भाची हे झोपेतसुद्धा सांगेल.

मी तिला भाताची गोष्ट सांगितली. खानापूर तालुक्यातला एक लहान दवाखाना, जुलैचा पाऊस. तिथला पाऊस ज्यानं पत्र्याखाली ऐकलाय त्यालाच कळेल. स्टेथो कानात घालून मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे ठोके मोजत होते आणि कानात ठोके कमी, पाऊस जास्त. शेवटी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, तेव्हा ठोके जरा जवळ आले. दुसऱ्या हातात घड्याळ, काट्यावर डोळा. चोपन्न. परत मोजले, चोपन्न.

पण खरी गोष्ट मोजण्यात नव्हती. दोन दिवस म्हातारा जेवत नव्हता आणि सुनेवर चिडलेला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "भातात हळद घालालीया. रोज सांगालोय, ऐकत नाही." सून रडकुंडीला आलेली. तिनं भाताचा डबा उघडून माझ्यापुढं धरला, भात पांढराशुभ्र. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं कावीळ असेल. मी डब्याकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं, आणि पुस्तकातली एक ओळ आठवली: डिगॉक्सिन अंगात साठलं की अन्न नकोसं होतं, मळमळतं, आणि सगळं पिवळं दिसायला लागतं. सोबत लघवीची गोळी चालू होती, ती अंगातलं पोटॅशियम घालवते, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन आणखी चढतं. डॉक्टरांनी औषध बंद केलं, बेळगावला पाठवलं. आठवड्यानं भातातली हळद गेली. सुनेला कुणी सॉरी म्हटलं का, ते मला माहीत नाही.

परीक्षेत हेच एका ओळीत येतं: 'पेशंट पिवळी वलयं दिसतात असं सांगतो.' पण पेशंट तसं कधीच सांगत नाही. तो सुनेची तक्रार करतो.

म्हणून मी एक नियम घातला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देऊन झालं की तोच प्रश्न पेशंटला कसा विचारशील, ते मराठीत विचारून दाखवायचं, मग कानडीत. इथं भाचीचा चेहरा उतरतो. 'वेदनेचं स्वरूप कसं आहे?' म्हणाली एकदा. मी म्हटलं, "असं विचारलंस तर म्हातारी तुला भाषणाला आलेली समजेल." दुखणं विचारायचं तर दुखण्याची नावं यायला हवीत. ठणकतंय का? कळ येऊन जाते का? चमक निघते? आग होते, की मुंग्या येतात? पिळवटल्यागत, टोचल्यागत, जड दगड ठेवल्यागत? छातीवर दगड ठेवल्यागत म्हणाला तर पळायचं. बोटानं एक जागा दाखवून 'इथं टोचतंय' म्हणाला तर निदान एक श्वास घ्यायला हरकत नाही. कानडीत तर तिनं पुस्तकातून दुखण्याला 'नोवु' शिकून ठेवलेलं. बैलहोंगलकडची आजी पोटदुखीला म्हणणार 'होट्टि ब्यानी', आणि ही पोरगी नोवुची वाट बघत बसणार!

शून्य ते दहाचा आकडा विचारायची पद्धत आहे. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सनं १९६८ मध्ये सांगून ठेवलंय की, ज्याला दुखतं तो जे सांगेल तेच दुखणं, त्याचं मोजमाप बाहेरच्यानं करायचं नाही. मला ती बाई फार आवडते. पण आमच्या आज्यांना दहाचं माप समजत नाही. ऑपरेशननंतर एकीला विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" तिनं विचार केला आणि म्हणाली, "काल रुपयाला रुपया होतं. आज बारा आणे हाय."

भाचीनं लगेच कागदावर हिशेब केला. सोळातले बारा, म्हणजे साडेसात.

मी म्हटलं, बरोबर. तेच लिहायचं, आणि कंसात बारा आणेसुद्धा. उद्या आठ आणे म्हणाली तर औषध लागू पडतंय असं समजायचं. गोळी दिली एवढं लिहून काम संपत नाही. तासाभरानं परत जाऊन किती आणे उरले ते विचारायचं असतं. गठ्ठ्यात यालाच 'इव्हॅल्युएशन' म्हणतात, आणि नाइटला एक सिस्टर आणि चाळीस पेशंट असले की सगळ्यात आधी तेच सुटतं. माझंही सुटलेलं आहे. कितीदा ते सांगत नाही.

शुद्धीची तपासणी हा आणखी एक लाडका विषय. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलेलं माप: डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, सगळे मिळून पंधरा, आणि काहीच प्रतिसाद नसला तरी तीन. बोलण्यात पाच मिळवायचे तर माणसाला आपण कोण, कुठं आहोत, कधीचा काळ आहे ते सांगता आलं पाहिजे. बोलतो पण घोळ घालतो, त्याला चार.

आता सीमाभागात 'तुम्ही कुठं आहात?' हा प्रश्न विचारून बघा. डोक्याला मार लागलेला एक म्हातारा आला होता, पण ताठ. दूरच्या जिल्ह्यातून आलेला कोवळा डॉक्टर, चांगला मुलगा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा. नाव विचारलं, सांगितलं. गाव सांगितलं. साल सांगितलं. मग त्यानं विचारलं, राज्य कुठलं? म्हातारा उशीवरून मान उचलून म्हणाला, "महाराष्ट्र."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. लिहायला पेन टेकवलेलं. "सिस्टर, कन्फ्यूज्ड?"

१९५६ पासून ज्या माणसानं कागदावरचं राज्य मानलेलं नाही, दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधली, त्याला 'कन्फ्यूज्ड' लिहायचं? उलट, हेच उत्तर द्यायचं हे त्याला मार लागूनसुद्धा आठवत होतं. मी म्हटलं, "सर, जरा थांबा." आणि म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, आणि बस कुठल्या सरकारची धरून आलात?" तो डोळे मिटून म्हणाला, "कर्नाटकाची. दुसरी हाय कुठली?" डॉक्टर हसला, पाच लिहिले. माझ्यापुरती ती सगळ्यात चोख तपासणी. नॉरसेटमध्ये ती कधीच येणार नाही.

इन्सुलिनवर मात्र मी भाचीला रडवलं. अमेरिकन गठ्ठ्यात इन्सुलिन शंभराचंच, सिरिंजही शंभराचीच, तिथं प्रश्नच मिटतो. आपल्याकडं चाळीसची बाटली अजून घरोघरी आहे. चाळीस म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. शंभरच्या सिरिंजला नारिंगी टोपण. मी दोन्ही सिरिंज ओट्यावर ठेवल्या, वाटीत पाणी घेतलं आणि म्हटलं, हे शंभराचं इन्सुलिन समज, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढ. ओढलं. आता किती युनिट झाले?

"वीस."

"अर्धा मिली ओढलीस. शंभराच्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे पन्नास."

ती सिरिंजकडं बघत बसली. अडीचपट. उलटं केलं, चाळीसची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर वीसच्या रेघेवर आठच युनिट जातात, आणि घरचे म्हणतात इन्सुलिन लागू पडत नाही. हे घरात घडतं, कारण जुनी सिरिंज कुणी फेकत नाही, फडताळात 'असू दे' म्हणून ठेवतात. साखर सत्तरच्या खाली गेली तर काय द्यायचं, हे तिला पाठ होतं: पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. अमेरिकन गठ्ठ्यात अर्धा कप संत्र्याचा रस लिहिलेला. आमच्याकडं पाण्यात तीन चमचे साखर. आणि घाम फुटलेल्या सासऱ्याला बेळगावचा कुंदा भरवणाऱ्या जावयाचंही मी तिला सांगितलं. भावना चांगली, पण खव्यातल्या तुपानं साखर रक्तात पोचायला उशीर होतो. शुद्ध गेलेल्याच्या तोंडात मात्र काहीच घालायचं नाही, साखरसुद्धा नाही.

बाकीचं भराभर झालं. सलाइनचे थेंब तिला तोंडी येतात: ५०० मिली, चार तास, मिलीला वीस थेंबांचा सेट, मिनिटाला ४२. ते गणितात येतात. वॉर्डात सहाची खानापूर गाडी चुकू नये म्हणून नातेवाईक चाक मोकळं सोडून बसतात, ते गणितात येत नाही. पोट तपासताना आधी बघायचं, मग ऐकायचं, हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण दाबलं की आतड्यांचे आवाज बदलतात. आणि 'तंबाखू खाता का?' असं निपाणीकडच्या बाईला विचारून 'नाही' लिहायचं नाही. 'दात कशानं घासता?' असं विचारायचं. "मिसरीनं की." भाजलेली तंबाखूच ती, दिवसातून चारदा. पण तिच्या हिशेबी ते दात घासणं. ती खोटं बोललेली नसते, आपण चुकीचं विचारलेलं असतं.

गोळ्यांचंही तसंच. 'गोळ्या घेता ना?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. आषाढीला तर माझा घसा बसायचा. साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, चहा चालतो, बीपीची गोळी तेवढी उपासाला चालत नाही! मी भाचीला सांगून ठेवलं होतं, विचारायचं नाही. पाकीट मागायचं, मोजायचं. आणि एक, प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. मनात दहा मोजायचे. खरं उत्तर सातच्या पुढं येतं.

परवा ती बीपीचं मशीन घेऊन आली, हात बसावा म्हणून. माझ्या दंडाला पट्टा बांधला. १६४ वर ९६. म्हणाली काही नाही, पाच मिनिटं मला गप्प बसवलं, परत घेतलं. १६० वर ९४.

"सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली की."

ती गप्प. मला तिच्या ओठांवरून कळत होतं, मोजत होती. मी शेंगदाण्याची टरफलं गोळा करायला लागले.

ती उठली आणि फ्रिजवरचा माझा डबा काढला. महिन्याच्या तीस गोळ्या, झाकणावर माझ्याच हातानं लिहिलेलं, एक तारखेपासून. डबा ताटात ओतून एकेक सरकवत मोजल्या. "आज अठ्ठावीस. दोन राहायला पायजेत. चार कशा?"

मी काही बोलले नाही. तिनं ओट्यावर भिजत घातलेल्या साबुदाण्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, बोटानं पंधरा दिवस मागं गेली, आणि 'हं' म्हणाली.

तांब्यातून पाणी ओतलं. गोळी वाटीत घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. मी हात पुढं केला, तर वाटी मागं घेतली.

"पूर्ण नाव सांगा."

फॉर्मवर हजारदा लिहिलंय मी ते. नेमका त्याच वेळी शेजारचा माग थांबला.